शनिवारच्या वर्गातले सर

“तुम्ही त्याच्या जागी असता तर?” एवढं विचारून सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि उत्तराची वाट बघत खिडकीबाहेर पाहत राहायचे. उत्तर कितीही शहाणपणाचं असलं तरी त्यांचं म्हणणं एकच. “हे तुमच्या जागेवरून बोललात. आता उठा, त्याच्या जागेवर बसा.” आणि खरंच उठवून बसवायचे.

मुरबाडच्या कारखान्यात सर पर्सोनेल मॅनेजर होते आणि मी त्यांच्या खात्यात टायपिस्ट. नव्वदच्या सुमाराला एमआयडीसीत कारखाने वाढले, साहेबलोक वाढले, तेव्हा व्यवस्थापकांच्या मुंबईतल्या संघटनेने आमच्याकडे शाखा काढली. नोकरी करता करता मॅनेजमेंट शिकायची, दर शनिवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. शाखा म्हणजे सर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कार्यकारिणीतले बाकीचे चहापुरते यायचे.

हा अभ्यासक्रम अधिकाऱ्यांसाठीच आहे, असं मुंबईने बजावलं होतं. सरांनी माझ्यासारखी टायपिस्ट आणि मशीनवरची माणसंही वर्गात घेतली. विचारणा झाली तेव्हा म्हणाले, “अधिकारी काय आईच्या पोटातून टाय लावून येतो?”

डोळखांबकडच्या पाड्यावरचा काळूराम त्या मशीनवरच्यांपैकीच. एकदा सरांनी त्याला मॅनेजरच्या खुर्चीत बसवलं आणि आमच्या खऱ्या प्रॉडक्शन मॅनेजरला कामगार करून भातलावणीसाठी रजा मागायला लावली. काळूरामने मिशीला पीळ दिला. “रजा नाय. समदेच लावनीला गेले तं मशीन कोन चालवंल? तुझा बाप?” आमची हसून मुरकुंडी वळली. साहेब मात्र खरोखरच चिडले आणि आवण, म्हणजे भाताची रोपं, वेळेवर लागलं नाही तर वर्षभर खायचं काय, हे तावातावाने समजावू लागले. सरांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. इतकं खूश मी त्यांना पुढे कधी पाहिलं नाही.

दोन हजार सालानंतर कारखान्याला उतरती कळा लागली. मालकांनी सरांना बोलावून सांगितलं, सगळ्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करावी. परराज्यात नवा कारखाना निघतोय, तिथे पहिलं बोलावणं सही करणाऱ्यांनाच. जन्मभर माणसं ओळखायला शिकवणाऱ्या माणसाने मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवला! आजही आठवलं की मला त्यांचा राग येतो, आणि त्याच्या दुप्पट रडू येतं.

युनियन सही करू नका म्हणत होती. सर गेटपाशी उभे राहून एकेकाशी बोलले. काळूराम म्हणाला, “तुमी सांगता ना सायेब? मंग झालं.” त्याच्यामागे सगळ्यांनी सह्या केल्या.

बोलावणं आलं नाही. सरांनी पत्रं पाठवली, मालकांच्या दारात ताटकळून आले. नवा कारखाना निघाला, त्यात तिथलीच माणसं लागली. इकडे काळूराम बायकापोरांना घेऊन वीटभट्टीवर जाऊ लागला. वर्ग चालू होता, दुसऱ्या कारखान्यांतले चार-पाच जण यायचे. पण कुणाला कुणाच्या जागी बसवणं सरांनी सोडून दिलं. फळ्याकडे तोंड करून शिकवायचे.

मग संघटनेने त्यांचा सत्कार ठरवला. ते नको नको म्हणत होते. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि कुणीतरी काळूरामला माइकपाशी आणून उभं केलं. “सायबासारका मानूस नाय,” तो म्हणाला. “आमी सही केली ती सायबांनी सांगितलं म्हून. दुसरा कोन असता तं पेनाला हात नसता लावला.” त्यात टोमणा नव्हता, तो मनापासून बोलला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो पाया पडायला वाकला, तर सर चटका बसावा तसे मागे सरकले.

त्यानंतर ते वर्गाकडे फिरकले नाहीत. हळूहळू शाखाही बंद झाली. वर्षभरात सर गेले. तुम्ही म्हणाल, आजारपण असेल. असेलही.

काळूरामला कुणी कळवलं नसणार म्हणून मीच आटगावच्या बाजूला भट्टीवर गेले. सांगितलं. हातातली वीट खाली ठेवून तो उकिडवा बसला.

“सायेब गेलं,” तो म्हणाला. “मंग बाय, आता कारखान्याचं बोलावनं आलं तं आमाला कलवंल कोन?”