न बजावलेला मनाई हुकूम

साठ सालानंतरची गोष्ट. मी नंदुरबारच्या कोर्टात बेलिफ होतो. तापीकाठच्या एका विधवेला तिचा दीर मारझोड करून घराबाहेर काढू पाहत होता. त्याने तिच्या घरात पाऊल टाकू नये, असा मनाई हुकूम कोर्टाने दिला. तो दिराच्या हाती देऊन सही घेणं माझं काम.

मी पोचलो तेव्हा दीर तिच्या शेजारच्याच आपल्या घराच्या ओट्यावर होता. त्याने आग्रहाने जेवू घातलं आणि मग म्हणाला, "साहेब, मी गावमा नव्हतू, आसं लिखी द्या." त्याचं अन्न पोटात होतं, नाही म्हणवेना. मी तसं लिहिलं.

चार दिवसांनी त्याने तिचं दार फोडलं. ती मोडलेला हात गळ्यात बांधून कोर्टात आली. हुकूम बजावलेलाच नव्हता, त्यामुळे तो मोडल्याची शिक्षा दिराला होईना. न्यायाधीशांनी मला विचारलं. "इसम गावी नव्हता," मी पुन्हा खोटं बोललो.

बाहेर व्हरांड्यात तिने मला हळूच विचारलं, "भाऊ, त्या दिन तू त्याना वट्यावर जेवी ऱ्हायंता ना?"

न्यायाधीशांकडे तिने माझी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन मी हुकूम बजावला, पण तिच्या दारावरून जाताना मान वर करवली नाही.