टीबी नाही म्हणाले तेव्हा

"टीबी नाहीये," डॉक्टर म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या सुनीतानं मात्र हात जोडले. "मंग बरंच झालं की, वहिनी!"

सुनीता माझी धाकटी नणंद. देवगाव रंगारीला राहायची. नवरा वारल्यापासून मेंढरं एकटीच सांभाळायची. दिवाळीच्या सुमारास तिच्या मानेच्या बुडाशी, डावीकडं, हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून लेप लावून तिनं ती पदराखाली झाकली. पुढं जेवण तुटलं. दोन घासांत पोट भरायला लागलं. संक्रांतीला शहरात, पुंडलिकनगरला आमच्याकडं आली, तेव्हा गाठींचा घोस झाला होता. दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी 'एफएनएसी' करायला सांगितली. म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. "टीबी असला तर गोळ्यांनी बरा होतो. दुसरंही काही असू शकतं," ते म्हणाले.

सुईला भूल नव्हती. "बोलू नका, आवंढाही गिळू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुनीतानं माझं मनगट घट्ट धरलं. सुई दोनतीनदा आत हलली, मग कापूस दाबून धरला, झालं.

"मुंगी चावल्यावाणी. उगंच भ्याले," ती म्हणाली.

रिपोर्ट येईपर्यंत मी देवाजवळ टीबी मागत होते. नणंदेसाठी टीबी! पण दुसरं काही मागायला उरलंच नव्हतं.

रिपोर्टात 'मेटास्टॅसिस' होतं. म्हणजे कॅन्सर दुसरीकडं सुरू होऊन गाठींत पोचला होता. सुनीताला वजन करायला पाठवून डॉक्टरांनी मला हे सांगितलं. पुढच्या तपासण्यांत तो जठरात सापडला, यकृतातही पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. "केमोनं थोडे महिने मिळतील. आजार जाणार नाही."

घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं, तिला कळू द्यायचं नाही. पण दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघताना तिनंच विचारलं, "वहिनी, टीबी नाय म्हणल्यावर तुमी का रडल्या?"

मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं.

तिनं पदर मानेवर ओढून घेतला. मग म्हणाली, "मला गावाकडं न्या. मेंढरं माझ्या हातानं देते. मी गेल्यावर समदी खाटकाकडं जातील."

गावी जाऊन गाभण मेंढ्यांसकट सगळी मेंढरं तिनं पाळणाऱ्या घरांत स्वतः नेऊन दिली. परत आणल्यावर केमो एकदाच झेपली. नंतर पाणीही उतरेना. चैत्रात आमच्या घरीच तिनं जीव सोडला.

मानेत न दुखणारी गाठ असेल तर थांबू नका. सुईला भिऊ नका. उत्तर चांगलंच येईल, असं मी सांगणार नाही. पण जे येईल ते आजारी माणसाला सांगा. त्याची कामं राहिलेली असतात.