वडिलांना घेऊन ये

आमचे क्लासवाले सर मुलांचे मार्क विचारत नसत. आधी म्हणत, "हात दाखव." कोपर स्टेशनजवळच्या त्या क्लासला नव्याने आलेल्या पालकांना वाटायचं, सर भविष्यही सांगतात! मग बोटांवरचे चरे-चटके बघत सर विचारत, "घरात काय काय उघडून बघितलंस?" पोरगं आईकडे चोरून बघत म्हणायचं, "मिक्सर." आई ओरडायची, "म्हणजे तूच का रे तो?" आणि सरांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा खुलायचा.

रविवारी सकाळी सर हा सल्ल्याचा तास फुकट चालवत. कुणाला आयटीआयला पाठवलं, कुणाला नर्सिंगला, दहावीत गचकलेल्या एकाला बेकरीच्या कोर्सला. घरचे अडून बसले की ठरलेलं वाक्य यायचं, "वडिलांना घेऊन ये. मी बोलतो." आणि असे बोलत, की भलेभले बाप रुमाल काढत. तो आवाज, ते हातवारे, ते मधले थांबे! गेल्या वर्षी सर गेले, पण त्यांची नक्कल मी अजून करतो. घोडबंदर रोडच्या आमच्या नव्या सोसायटीत ती फार चालते.

एका रविवारी मुलाला घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो होतो. त्याला हॉटेलची लाइन हवी होती. मी सायन्स ठरवून टाकलं होतं, पण सरांचं बोलणं ऐकायला माझी कधीच ना नसे! तेवढ्यात सरांची मुलगी अश्विनी पुढे आली आणि टेबलासमोरच्या स्टुलावर बसली.

"सर, मला वेल्डर व्हायचंय. घरचे म्हणतात, इंजिनिअरिंगच."

हॉलमध्ये हशा पिकला. फक्त सर हसले नाहीत.

"घरी बोलू आपण," ते पुटपुटले.

"घरी वडील ऐकत नाहीत, सर. म्हणतात, सरांची मुलगी वेल्डर झाली तर लोक काय म्हणतील? त्यांना घेऊन येऊ का? तुम्ही बोलाल?"

हशा विरला. सरांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. कान लालेलाल झाले. माझा मुलगा माझ्याकडे बघतोय हे मला कळत होतं. मी पंख्याकडे बघत राहिलो.

"मी आजवर सगळं धाडस केलं ते लोकांच्या मुलांच्या बाबतीत," सर शेवटी म्हणाले. खुर्ची सोडून ते टेबलाला वळसा घालून आले आणि तिच्या शेजारी, पालकांच्या स्टुलावर बसले. मान खालीच होती.

"अ‍ॅडमिशनला तुझ्याबरोबर येऊ का मी?"

"या ना," अश्विनी म्हणाली. "पण तिथे भाषण नको हं, बाबा."