ओंजळ बरोबर जमली

"ओंजळ कर," काकू म्हणाल्या, आणि माझी ओंजळ झाली.

हातातला पेला त्यांनी आधीच काढून घेतला होता. आंबिलीचा तांब्या वर धरला होता. मी बांधाच्या कडेला उकिडवी बसले, मान खाली घातली, मनगटं ओठांशी नेली. करंगळ्या एकमेकींना चिकटल्या. वरून आंबील पडत राहिली आणि मी पीत राहिले. एक थेंब सांडला नाही.

काकूंनी तांब्या खाली घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "बघितलंस? आपल्यातल्या पोरीला जमती का अशी ओंजळ?"

सून हसली. काका मोबाईलमध्ये बघत बसले. मी सत्तावीस वर्षांची बाई, सरकारी कार्यालयातली कनिष्ठ लिपिक, परीक्षा देऊन लागलेली, तळव्यांना लागलेला आंबट वास घेऊन तशीच बसून राहिले. उठायचं कसं तेच कळेना.

ही ओंजळ मला कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात आई खुरपायला जायची, मी तिच्या मागं. मालकीण पाणी पाजायची ते असंच, वरून. सांडलं की ओरडायची. म्हणून सात वर्षांच्या मुलीची ओंजळ घट्ट झाली. पुढं शाळा झाली, कॉलेज झालं, नांदेडला अभ्यासिकेत चार वर्षं गेली. मला वाटलं मी ते सगळं विसरले. हात विसरले नव्हते.

लातूरला आले ती जुलैत. नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. या शहरात घरमालक जात विचारत नाहीत. सभ्य माणसं आहेत. ते विचारतात, "पाहुणे कुठले तुमचे?" म्हणजे सोयरीक कोणत्या गावांत, कोणत्या घरांत. दोन आडनावं ऐकली की त्यांचा हिशेब होतो. पहिल्या घरी मी खरं सांगितलं. खोली कालच गेली होती म्हणे. दुसऱ्या घरी त्यांच्या पुतण्याला एकाएकी खोली हवी झाली. सामान मी एका मैत्रिणीच्या हॉस्टेलवर चोरून ठेवलं होतं आणि तिथली बाई रोज टोकत होती.

तिसरं घर काकूंचं. खाली त्या, काका, मुलगा-सून. वर एक खोली, स्वतंत्र जिना. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं. ते कुणाचंही असू शकतं. काकूंनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "मंजे आपल्यातलेच की!"

मी म्हणाले, "हाव."

एवढंच. एका शब्दाचं खोटं. त्याच दिवशी अकरा महिन्यांच्या करारावर सही झाली.

मग मी त्या एका शब्दात राहायला लागले. सोपं नव्हतं ते. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, साड्यांच्या खाली. वडील फोनवर "जय भीम, बाई" म्हणायचे आणि मी म्हणायचे, "हाव, बरी हाय." तीन-चार वेळा असं झाल्यावर त्यांनीच ते म्हणायचं सोडलं. विचारलं नाही काही. मला त्यांचा राग आला, का विचारत नाहीत म्हणून. खरं तर स्वतःचीच लाज वाटत होती.

आणि काकू प्रेमळ होत्या, हे लिहायला लागतंय. नळ कधी येणार, कोणता टँकरवाला फसवत नाही, कोणत्या दुकानातली तूरडाळ शिजते, सगळं त्यांनीच शिकवलं. ताप आला तेव्हा कपाळावर घड्या ठेवल्या. सुनेच्या डोहाळजेवणाला, माझं लग्न झालेलं नसतानाही, माझ्या हातानं ओटी भरायला लावली. "घरचीच पोरगी हाय," म्हणायच्या. ते प्रेम माझ्यावर नव्हतं, आडनावावरच्या त्यांच्या गैरसमजावर होतं. मला ते माहीत होतं. तरी मी ते चाखत राहिले, हपापल्यासारखी.

डिसेंबरात येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी निम्मं लातूर रानात असतं. कडब्याची कोपी उभी करायची, पूजा करायची, मग भाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ज्याला रान नाही त्यालाही आवर्जून नेतात. काकूंचं रान निलंग्याच्या रस्त्याला होतं. मीही गेले, त्यांच्याच गाडीत, सुनेच्या शेजारी बसून.

कोपीत आमची पंगत बसली. बांधापलीकडं सालगड्याची बायको भाकरी घेऊन वेगळी बसली होती. तिला भज्जी वरून वाढली जात होती. मी तिकडं बघायचं टाळलं. पण तिनं बघितलं.

"अगं बाई! कमळाची लेक न्हवंस का तू?" ती उभी राहिली. सगळं तोंड हसलं तिचं. "मला वळखलं न्हाईस व्हय? मी तुझी मावशी की!"

आईची चुलत बहीण. लहानपणी मी तिच्या मांडीवर झोपले आहे. मी लगेच ओळखलं.

"नाही," मी म्हणाले. "मी तुम्हाला ओळखत नाही."

'न्हाई' नाही म्हणाले. 'नाही' म्हणाले. ऑफिसातल्या मराठीत.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या शेजारी बसलेल्या काकूंकडं. तिला सगळं समजलं. मला तीन वाक्यांत समजावता आलं नसतं ते तिला एका नजरेत समजलं.

"चुकलंच माय," ती म्हणाली. "डोळ्यानं कमी दिसून राहिलं आताशा."

काकूंचा घास हातातच राहिला होता. "थांब गं. भाकर हाय हातात तुझ्या. भाकरीची शपथ घेऊन सांग, वळखतीस का हिला?"

मावशीनं भाकरीकडं बघितलं. ती भाकरीची शपथ कधी खोटी खाणाऱ्यातली नाही. "भाकरीची शपथ," ती म्हणाली, "ही पोरगी माझी कुणी न्हाई."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. तोंडात उंडा होता, तो गिळला.

काकूंचं समाधान झालं नाही. त्या उठल्या, माझ्या हातातला पेला काढून घेतला, म्हणाल्या, "चल, बाहेर ये." पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलंय. मावशीनं खोटी शपथ खाऊन मला झाकलं आणि माझ्याच हातांनी मला उघडं पाडलं.

परतताना मला गाडीत घेतलं, पण मागं, भांड्यांजवळ. घरी आल्यावर वाटलं, आता खोली सोड म्हणतील. काकू जिन्यात उभ्या राहिल्या. आवाज हळू केला.

"गल्लीत कळलं तर आमची काय राहील? सुनेची ओटी भरलीस तू. देवघरात येऊन बसलीस. कुणी विचारलं तर आपल्यातलीच म्हनायचं. दोन महिन्यांनी बदली झाली म्हनून जा."

माझंच खोटं मला परत मिळालं, हुकूम म्हणून. कालपर्यंत ते माझी भीती होतं, आता त्यांची अब्रू झालं होतं. आणि ती अब्रू सांभाळायची मी. त्या रात्रीपासून माझ्यातलं काहीतरी उलटं फिरलं. लाज जाऊन संताप आला. तो आजही आहे आणि मला तो हवा आहे.

जानेवारीत शेजारच्या वहिनी आल्या. काकूंनी मला खाली बोलावलं, न बोलावून चाललं नसतं. वहिनींनी चहा घेत विषय काढला. "एक स्थळ हाय आपल्यातलं, निलंग्याचं. पोरगा इंजिनिअर. तुमचे पाहुणे कुठले कुठले?"

काकू घाईनं म्हणाल्या, "हाय की, आपल्यातलीच हाय. विचारून सांगते मी."

"मी बौद्ध हाय," मी म्हणाले. "काकूंना येळवशीपासून माहीत हाय."

वहिनींनी कप खाली ठेवला. अर्धा राहिला चहा. काकूंचा चेहरा पांढरा पडला आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. दया आली नाही.

"आजच्या आज खोली रिकामी कर," वहिनी गेल्यावर त्या ओरडल्या.

"करार अकरा महिन्यांचा हाय. सहाच झालेत."

त्यांनी वरचं पाणी बंद केलं. मी ऑफिसातून येताना कॅन उचलून आणते, जिना चढून. गल्लीत कुणी समोर आलं की भिंतीला चिकटून उभं राहतं. राहू दे. फोटो आता ट्रंकेत नाही, दारासमोरच्या भिंतीवर आहे.

मावशीचं मात्र मला काही करता आलं नाही. खोटी शपथ खाणारी बाई रानात नको म्हणून काकूंनी दोघा नवरा-बायकोला साल पुरं व्हायच्या आधीच काढलं. मी शोधत देवणीकडच्या एका वीटभट्टीवर गेले. ती विटा रचत होती. हात थांबवले नाहीत.

"माफ कर म्हनू नको," ती म्हणाली. "काम कुठंबी मिळतं. तू त्या दिवशी हाव म्हनली असतीस तर तुला जवळ घेतलं असतं मी. लई वरसांनी भेटली होतीस."

मी माफी मागितली नाही. तशीच निघाले. ती माफ करणार नाही आणि तिनं करूही नये.

पुढच्या महिन्यात करार संपतो. शेवटच्या तारखेपर्यंत मी इथंच राहणार. रविवारी नव्या खोल्या बघायला जाते. दारात चप्पल काढायच्या आधी, कुणी पाहुणे विचारायच्या आधी, आडनावाच्याही आधी सांगते की मी बौद्ध आहे, आता बोला. आतापर्यंत चार दारं तोंडावर बंद झाली. येत्या रविवारी पाचव्या दारात जाणार आहे आणि तिथंही पहिलं वाक्य हेच असणार.