राजाशेजारचं शून्य

तारिहाळच्या कारखान्यातून आलो की मी घरी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहीत बसायचो. कुठल्या सोंगटीला किती घरं मोकळी आहेत, हे त्याला झटपट कळायला हवं होतं. दर वेळी पटावर एकेक घर चाचपत गेलं तर वेळ जातो. म्हणून कोण कुठून कुठं जाऊ शकतो याचे तक्ते मी आधीच करून ठेवले. प्रोग्रामनं तक्त्यात बघायचं आणि आकडा सांगायचा. स्क्रीनवर प्रत्येक सोंगटीशेजारी तो आकडा दिसे. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

त्याच सुमारास माझ्या वडिलांना, अप्पांना लकवा झाला. वाचा गेली, डावा हात तेवढा चालता राहिला. "त्यांना समजतं का, ते त्यांच्याशी खेळून, बोलून बघा," असं डॉक्टर म्हणाले. अप्पा जन्मभर मित्राच्या दुकानात पट मांडून बसलेले. माझ्याशी मात्र कधी खेळले नाहीत, कारण मी शाळेतल्या स्पर्धांमधला शहाणा. मी माझा प्रोग्राम टॅबवर घालून त्यांच्यापुढं ठेवला.

चार-पाच चाली बरोबर झाल्या. मग त्यांनी राजावर बोट ठेवलं आणि दोन घरं बाजूला, एक घर पुढं नेलं. राजाशेजारी शून्य होतं. प्रोग्रामनं चाल नाकारली. त्यांनी पुन्हा तेच केलं. दुसऱ्या दिवशीही तेच घर, तेच बोट, आणि नजर माझ्यावर. भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी डॉक्टरांना सांगून टाकलं, समज गेली.

टॅब काढून घेतला की अप्पा घशातून विचित्र आवाज काढत, म्हणून तो डाव तसाच ठेवला. रोज ते बोट त्या घरावर जाई. मी त्या खोलीत एकटा थांबेनासा झालो.

दोन महिन्यांनी कमरीपेठेतून आत्या आली. लहानपणी ती अप्पांबरोबर खेळलेली. तिनं ते बोट बघितलं आणि माझ्यावरच उखडली.

"अरे, बरोबर हाय की त्याचं! शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्याची उडी असती. आमच्यात सगळी असंच खेळायची. एवढंबी ठाऊक नाही होय तुला?"

मी तक्त्यात ती उडी घातली. शून्याचा एक झाला. अप्पांनी राजा त्या घरात नेला आणि माझ्याकडं बघत राहिले. नजर अगदी स्वच्छ होती.

मला आनंद व्हायला हवा होता, पण धडकीच भरली. दोन महिने त्यांच्याच कॉटवर बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, "आता सुटले तर बरं, बघा." त्या दिवशी सकाळी त्यांचे पाय चेपतानाही एका शेजाऱ्याला तेच म्हणालो होतो.