आक्काला न पटलेली बाई

आक्का गेल्याचा निरोप वेल्ह्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं भोरच्या स्टँडवर दिला. थोरली बहीण माझी. पण आधी डोळ्यांपुढं आलं ते माझ्या घरात टीव्हीसमोर तिचं बसणं... पदर तोंडाशी, डोळे बारीक केलेले.

मी टीव्हीसाठी नाटक लिहिलं होतं. कुठल्याशा देशात लष्कराची राजवट, नवरा तुरुंगात आणि बाई अंधाऱ्या खोलीत खिडकीशी एकटी रडतेय. अशा नाटकांतल्या बायका खिडकीशीच असायच्या. ते बघायला आक्काला मुद्दाम तिच्या गावाहून, पासलीहून आणलं, कारण त्या बाईचं दुःख तिचंच होतं. दाजी मोर्चात पुढं असायचे. आणीबाणीत पोलीस त्यांना घेऊन गेले होते.

नाटक संपलं. शेजारी डोळे पुसत होते. आक्का म्हणाली, "बाळ्या, ही बाई जेवती कवा?"

"अगं, तिचा नवरा तुरुंगात आहे."

"व्हय, पर त्या देशात शेजारणी न्हाईत? का त्या बी लष्करानं नेल्या?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर तिनं सांगितलं. दाजींना नेल्यावर गावातले गडी भीतीनं तिचं घर टाळून जायचे. भाताची आवणी, म्हणजे लावणी, खोळंबली; रोपं पिवळी पडायला लागली. मग शेजारच्या सोनावहिनीनं बायकांची इर्जिक घातली. मजुरी न घेता सगळ्या आक्काच्या खाचरात उतरल्या, जेवल्याही तिच्याकडंच. "चिखलात आमी इतक्या हसलो, हवालदार बांधावर यिऊन बघून गेला. हसन्याला कंचं कलम लावनार त्यो? त्ये लिही की."

लिहितो म्हणालो. लिहिलं नाही. लिहायचं तर तेव्हा मी कुठं होतो, हेही लिहावं लागलं असतं. सरकारी नोकरी जाईल म्हणून त्या पावसाळ्यात मी पासलीला फिरकलोच नाही. मी गेलो नव्हतो... म्हणून मला ती एकटी दिसली.

आक्काचे दिवस झाल्यावर तिच्या पडवीत बसलो होतो. भिंतीला पावसात डोक्यापाठीवर घ्यायचं एक जुनं इरलं टांगलेलं. पानं झडून नुसत्या बांबूच्या कामट्या उरलेल्या. मी बघत राहिलो तशी सोनावहिनी म्हणाल्या, "त्ये तुमचं. आवनीला भाऊ यील म्हनून त्या वर्साला करून घेतलं व्हतं. कुनाला हात लावू दिला न्हाई."

डोक्यावर घेऊन पाहिलं. पाठीला बरोबर बसलं.

बरोबर आणावंसं वाटलं, पण पुन्हा खुंटीला अडकवलं. आवणीला अजून अवकाश आहे, तेव्हा इथंच लागेल.