दिगूच्या टोपीतली घडी

आमच्या कोल्ड स्टोरेजच्या चेंबरमध्ये फोनला रेंज येत नाही. भिंती जाड, दार जाड, आत उणे अठरा. त्या दुपारी मी तापमान लिहून बाहेर आले, हातमोजे काढले, तर फोनवर शेजारच्या शबानाभाभीचे सात मिसकॉल. परत लावला. "दीदी, जल्दी आओ. दिगूभाई उठ नहीं रहे," एवढंच ती बोलली. वडप्याच्या कामावरून टेमघरला घरी रिक्षा पोचेपर्यंत मी स्वतःला बजावत होते, की झोपला असेल मेला, लहानपणापासून कुंभकर्णच आहे... पण मला कळलं होतं. माझा धाकटा भाऊ दिगंबर, एक्केचाळीस वर्षांचा, जेवून आडवा झाला आणि झोपेतच फिट येऊन गेला. त्याला आता दोन महिने होतील.

आई-बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. माझं लग्न जमलं नाही, त्याचं टिकलं नाही. तो पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम ठीक करणारा. दारात उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा, तिसऱ्या रांगेतला आजारी आहे. त्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचा. नव्या शेजाऱ्यांना वाटे, आम्ही भांडतोय. तसे भांडतही होतोच म्हणा. मी ड्युटीवरून आले की म्हणायचा, "लांबूनच बोल गो ताई, तुझा हात लागला तर सर्दी व्हईल."

चार वर्षांपूर्वी कशेळीजवळ त्याची मोटरसायकल घसरली. हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. मेंदूला सूज आली, तिला जागा हवी म्हणून ठाण्याच्या इस्पितळात त्याच्या डोक्याचं तळहाताएवढं हाड कापून काढलं. सूज उतरली की तेच परत बसवायचं. तोवर ते ठेवायचं कुठे, हे डॉक्टरांनी मला विचारलं. एक तर त्याच्याच पोटाच्या कातडीखाली, म्हणजे आणखी एक चिरा. नाही तर निर्जंतुक करून इस्पितळाच्या डीप फ्रीझरमध्ये. डॉक्टर शांतपणे सगळं सांगत होते. गोठवलं की हाडातल्या जिवंत पेशी मरतात, पुढे कधी कधी ते झिजू शकतं, पोटात ठेवलं तर त्याचेही त्रास असतात. मी मध्येच विचारलं, "डिग्री किती?" ते म्हणाले, "उणे ऐंशी." आमचं उणे अठरा आणि यांचं उणे ऐंशी... माझा जीव भांड्यात पडला. थंडीतलं मला कळतं, अशा तोऱ्यात मी सही केली. बारा वर्षं मटार, मासळी, आइस्क्रीम सांभाळणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?

पुढचे पाच महिने दिगू घरी होता. डाव्या कानशिलावर वाटीएवढा खड्डा. तो लपवायला माझी कामावरची लोकरी टोपी घालून बसायचा. टोपी खड्ड्यात आत बसते म्हणून त्याने कोऱ्या कापडाच्या तुकड्याची जाड घडी करून आतून शिवून घेतली. टाके त्याचेच, जॉबरचे, एकसारखे. वीज गेली की पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, तिकडं पन लाईट गेली आसंल काय गो?" मग मी इस्पितळाला फोन करायची. तिथली सिस्टर शेवटी वैतागून म्हणाली, "अहो ताई, भिवंडीत लाईट गेली म्हणून ठाण्यातली जात नाही." एकदा मी हट्टाने फ्रीझरचं रजिस्टर बघायला मागितलं. बिचारीने दाखवलं. वेळच्या वेळी नोंदी, खाडाखोड नाही. मी दिगूला येऊन सांगितलं, माल सुखरूप आहे.

हाड बसलं. टाके सुकले, दिगू लूमवर परत गेला. दीड वर्षाने एका सकाळी केस विंचरताना त्याचा कंगवा अडला. "ताई, हितं हात लाव." हाडाच्या कडेला बोट आत जात होतं. स्कॅनमध्ये ते हाड जागोजाग विरळ झालेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, परत बसवलेलं हाड हा नुसता सांगाडा असतो, शरीराने त्यात नवं हाड भरायचं असतं. काहींचं भरतं, काहींचं शरीर तेच हळूहळू खाऊन टाकतं. "फ्रीझरमुळे झालं का?" मी विचारलं. "पोटात ठेवलेलंही विरघळतं कधी कधी. नक्की सांगता येत नाही." आणि मला काकड्या आठवल्या. एकदा चुकून आमच्या चेंबरमध्ये काकडीचे क्रेट गेले होते. गोठलेल्या असताना हिरव्यागार, बाहेर काढल्या तर हातात लिबलिबीत. मटार परत येतो, काकडी येत नाही, हे मला ठाऊक होतं. सही करताना ते आठवलं नाही.

कृत्रिम प्लेट बसवायची, असं डॉक्टरांनी सुचवलं. दिगू टाळत राहिला. "माजंच हाड टिकलं न्हाय, परकं काय टिकनार हाय?" असं हसत म्हणायचा. पण एका रविवारी भाकरी मोडता मोडता थांबला आणि हळू आवाजात, हो, दिगू हळू आवाजात म्हणाला, "ताई, तू सांग. करू का ऑपरेशन?" त्याला फक्त माझा होकार हवा होता. आणि मला दिसत होता तो फॉर्म, सहीची रेघ. मी म्हणाले, "तुझं तू बघ." त्याने मान हलवली आणि आमटी मागितली. तो विषय पुन्हा घरात निघाला नाही. नंतर फिट येऊ लागल्या, गोळ्या सुरू झाल्या. तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, फिट अपघातात डोक्याला बसलेल्या माराच्या होत्या, प्लेट बसवली असती तरी आल्या असत्या कदाचित. त्या कदाचितवर मी कशी झोपू? पहिली सही चुकली असेल नसेल. दुसरी मी केली नाही, ती भीतीने.

आता घर इतकं शांत आहे की शबानाभाभी मुद्दाम दार वाजवून जाते. चेंबरमध्ये जाताना मी तीच टोपी घालते. कंपनीने नवी दिली आहे, ती कपाटात आहे. माझ्या डोक्याला तिथे खड्डा नाही, म्हणून ती घडी डाव्या कानशिलावर रुतते, ड्युटी संपेपर्यंत ठणकायला लागतं. चार टाके उसवले की निघेल. मी उसवत नाही. दार बंद झालं की आत कोणी नसतं, पंखे घरघरत असतात, आणि मी मोठ्याने, त्याच्यासारखं ओरडून सांगते, "कर रे दिगू. मी सही करते." मग तापमान लिहून बाहेर येते.